उत्तर लावायचं राहिलं

वृंदा,

तू गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला तुझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. तू विद्यार्थ्यांची लाडकी होतीस, शिस्तीची होतीस, सदा हसतमुख होतीस. यातलं शेवटचं खोटं आहे. सकाळचा चहा होईपर्यंत तू हसतमुख नसायचीस आणि पेपर तपासताना तर दिवसभर नसायचीस. पण समोरचा माणूस सोलापूरहून एसटीने आलेला असतो, त्याला दुरुस्ती कशी सांगणार? मी मान हलवत राहिलो. कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात आयुष्य गेलं, चुकीच्या आकड्याखाली कधी सही केली नाही. या दिवसांत मात्र तुझ्याविषयीच्या किती चुकीच्या वाक्यांना मान डोलावली, त्याची गणती नाही.

मग गायकवाड सरांचा फोन आला. कॉलेजातल्या तुझ्या भूगोल विभागाचे प्रमुख असूनही तुला थोडे घाबरून असायचे, ते. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाले, "मॅडमचा धायरीचा नकाशा मुलांनी पुरा केलाय. फक्त उत्तर लावायचं राहिलंय."

मी फोन तसाच कानाला धरून खुर्चीत बसलो. त्या क्षणी मला कळलं, दवाखान्यात तू मला काय विचारलं होतंस.

त्या खोलीला खिडकी नव्हती. दुपार होती, पण ट्यूबलाइटमुळे तिथे सकाळ-दुपार सारखीच. तू बऱ्याच वेळाने डोळे उघडलेस, आधी छताकडे पाहिलंस, मग एकेका भिंतीकडे, आणि विचारलंस, "अहो, उत्तर कुठाय?"

मला वाटलं, रिपोर्टचं विचारतेयस. म्हणालो, "डॉक्टर संध्याकाळी सांगणार आहेत."

तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर माझ्या ओळखीची होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने समोच्च रेषेला रस्ता म्हटलं की तू असंच बघायचीस. पण त्या मुलाला तू पुढे काहीतरी ऐकवायचीस. मला काही ऐकवलं नाहीस. डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर आपण पाण्याबद्दल बोललो, उशीबद्दल बोललो, आपल्या लेकीच्या, मुक्ताच्या विमानाबद्दल बोललो. उत्तर कुठे आहे, हे तू पुन्हा विचारलं नाहीस.

तुला दिशा हवी होती. तू कुठे आणि कशी पडली आहेस, एवढंच तुला समजून घ्यायचं होतं.

आणि हे मला कळू नये? ज्या घरात डावं-उजवं हा प्रकारच नव्हता, त्या घरात मी राहिलो. साखर पूर्वेच्या बरणीत, मीठ पश्चिमेच्या. "अहो, ईशान्येच्या कपाटातून हळद द्या," म्हणायचीस, आणि भोसरीहून दमून आलेला मी कर्वेनगरच्या त्या टीचभर स्वयंपाकघरात ईशान्य शोधत उभा. एकदा वैतागून म्हणालो, "माझा चहा नैर्ऋत्येला सांडलाय, पुसायला कुठल्या दिशेने येऊ?" तू म्हणालीस, "फडकं दक्षिणेला आहे. आणि सांडलाय तो आग्नेयेला." बघितलं तर आग्नेयेलाच होता.

'उत्तर' या शब्दाने तर तुला आयुष्यभर खाद्य पुरवलं. तो प्रात्यक्षिक परीक्षेचा किस्सा तू प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगायचीस. पर्यवेक्षक म्हणून वाणिज्य विभागाचे कुणीतरी आले होते. एका मुलाने नकाशा काढता काढता शेजारच्याला हळूच विचारलं, "उत्तर सांग ना." सरांनी त्याला जागेवर उभं केलं. "कॉपी करतोस? उत्तर विचारतोस?" तो गडबडून म्हणाला, "नाही सर, दिशा विचारत होतो." सर भडकले, "दिशा कोण? कुठल्या बाकावर बसते?" शेवटी तुला बोलावून घ्यावं लागलं. तू त्या मुलाला सोडवलंस आणि बाहेर येऊन त्याला ओरडलीस की उत्तर शेजाऱ्याला विचारायची नसते. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकला, आणि माझी पाळी आली तेव्हा मी त्या वाणिज्यच्या सरांसारखाच वागलो.

म्हणून त्याच फोनवर मी गायकवाड सरांना सांगितलं, "थांबा. उत्तर मी लावतो."

नकाशाचं तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. धायरीचा एक ओढा, त्याच्या काठची जुनी वस्ती आणि आजूबाजूच्या नव्या सोसायट्या. तिसऱ्या वर्षाच्या स्पेशलची मुलं आणि एम.ए.ची मुलं दरवर्षी जाऊन नव्याने मोजायची. प्राकृतिक भूगोल घेतलेली मुलं उतार, खडक, ओढा, विहिरी काढायची, तपकिरी आणि निळ्या रंगात. मानवी भूगोलाची मुलं घरं, गोठे, गल्ल्या, दुकानं काढायची, लाल आणि काळ्या रंगात. त्यांनी एकमेकांना 'दगडवाले' आणि 'माणसंवाले' अशी नावं ठेवली होती. दोन पेपर वेगळे, तास वेगळे, परीक्षा वेगळ्या. कागद मात्र तू एकच ठेवलास. शीर्षक, प्रमाण, सूची मुलांनी घालायची. दिशेचा बाण सगळ्यात शेवटी, तुझ्या हाताने, आणि तोही जागेवर जाऊन उत्तर काढल्यानंतर. "चारांतली एक गोष्ट नसली तर तो नकाशा नाही, चित्र आहे," हे तुझं वाक्य मला जेवताना, गाडीत आणि झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

या वर्षीचा कागद शेवटचा आहे. त्यावरचा आपला वादही अर्धाच राहिला.

संस्थेने सांगितलं होतं, वरच्या वर्गांना दोन्ही शाखा चालवणं जमणार नाही, एक निवडा. तू पटसंख्येचे आकडे माझ्यासमोर टाकलेस. मी पाहिले आणि म्हणालो, "मानवी ठेव. मुलं तिकडे जास्त आहेत, उपकरणं लागत नाहीत."

"आणि ओढा?"

"ओढ्याला प्रवेश कोण घेतंय?"

"अहो, ओढा काढून टाकला, तर घरं अशी वाकडी का बसलीत ते मुलांनी कुणाला विचारायचं? बिल्डरला?"

"मग प्राकृतिक ठेव."

"मग ओढा मध्येच सरळ का होतो ते कुणाला विचारायचं? दगडाला?"

"वृंदा, आकडे बघ."

"आकडे मीच दिलेत तुम्हाला. मला आकड्यांचं नका सांगू, मला नकाशाचं सांगा."

तू दोन्ही शाखा मागितल्यास, आणि दोन्ही गेल्या. मी आजही म्हणतो, एक मागितली असतीस तर एक वाचली असती. तू आजही म्हणाली असतीस की अर्धी वाचली म्हणजे वाचली नाही. यात बरोबर कोण, ते मला माहीत नाही. फक्त असं झालंय की वाद घालायला मी एकटाच उरलोय, आणि एकट्याने घातलेल्या वादात मी सारखा जिंकतो. त्याचा फार त्रास होतो.

आता उत्तर काढण्याविषयी.

होकायंत्र तुला चालायचं नाही. खाली काळा पाषाण, त्यात लोहाचा अंश, भोवती सळयांचे सांगाडे आणि पत्र्याची शेडं, सुई कुणाकुणाचं ऐकणार, असं म्हणायचीस. तुझी रीत काठीची. ओढ्याकाठच्या जुन्या वस्तीतल्या आण्णांच्या खळ्यात जो सपाट दगड आहे, त्याच्या खाचेत काठी उभी करायची, ओळंबा लावून. दोरीने भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी काठीची सावली लांब असते, आखडत आखडत तिचं टोक वर्तुळाला टेकतं, तिथे एक खूण. मग वाट पाहायची. दुपार कलली की सावली पुन्हा वाढते, दुसऱ्या बाजूने टोक वर्तुळाला टेकतं, तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधून आणि काठीच्या बुंध्यातून जाणारी रेघ म्हणजे उत्तर.

त्या दोन खुणांच्या मधले तास हे आपल्या संसारातले सगळ्यात चांगले तास होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मुलं वस्तीत मोजमापं घेत फिरायची, आणि आपण आण्णांच्या बाभळीखाली डबा उघडून बसायचो. काठी सोडून जाता येत नसे, म्हणून तुला मीटिंग नाही, मला फोन नाही. मी पेपर वाचायचो, तू मला वाचू द्यायची नाहीस. अख्ख्या वर्षात आपण एकमेकांना जे बोललो नसू, ते तिथे बोलून व्हायचं. मुक्ताचं बंगळुरूला जाणं तिथे ठरलं. आईला आपल्याकडे आणायचं तिथे ठरलं. आणि दरवर्षी मी तेच विचारायचो, "फोनमध्ये दिसतं ना उत्तर? जे आधीच माहीत आहे ते काढायला दिवस घालवायचा, याला कारखान्यात वाया गेलेले तास म्हणतात."

"माहीत असणं वेगळं आणि सापडणं वेगळं," तू म्हणायचीस.

"फरक काय?"

"पोळी खा."

हा वादही राहिला.

गेल्या वर्षी शेजारच्या जागेवर, नैर्ऋत्येला, इमारतीचे खांब वर येत होते. मी पेपरच्या कडेला हिशेब केला: मजल्यांची उंची, खळ्यापासूनचं अंतर, त्या महिन्यातली सूर्याची उंची. तुला दाखवला. "पुढच्या वर्षी दुसरी खूण मिळणार नाही. त्याआधीच इमारतीची सावली दगडावर येईल."

तू न बघताच म्हणालीस, "अहो, सूर्य तुमच्या कागदावर चालत नाही."

"सूर्य चालतच नाही. पृथ्वी फिरते. भूगोल तू शिकवतेस."

इतकी हसलीस की ताक सांडलंस. पूर्वेला.

तर, माझा हिशेब मला माहीत होता. तरी गेलो. आजवर स्वतःचा हिशेब चुकावा म्हणून मी कधी कुठे गेलो नव्हतो. सोबत प्रणाली होती. शेवटच्या तुकडीतली, वाशीमची, वसतिगृहात राहणारी; तू तिला 'माणसंवाल्यांतली एकमेव दगडवाली' म्हणायचीस. वाटेत म्हणाली, "काका, सॉफ्टवेअरमध्ये बाण एका क्लिकवर येतो."

"मग तू का नाही लावलास?"

"मॅडमनी पाह्यलं असतं तर?"

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती खिडकीबाहेर बघत बसली.

आण्णा खळ्यातच होते. "या सायेब. औंदा बाई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. त्यांनी दगडाच्या खाचेतली माती बोटाने काढली. मग म्हणाले, "मंग काठी कोन लावनार?"

"मीच."

"तुमी?" त्यांनी माझ्या हातातली दोरी पाहिली. "न्हाई, लावा. तुमाला बगून म्हाईत आसंल."

मला बघूनही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी दोरीचं एक टोक धरलं, पण गाठ कुठे मारायची ते तू ठरवायचीस. गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. सकाळची खूण मात्र सुरेख मिळाली. टोक आलं, टेकलं, प्रणालीने खडूने ठिपका केला, मी पुन्हा तपासला. तुला आवडली असती.

मग वाट पाहणं. बाभळ तोडली आहे. आम्ही आण्णांच्या ओट्यावर बसलो. प्रणालीने विचारलं, "मॅडम या वेळात काय करायच्या?" मी म्हणालो, "मला पेपर वाचू द्यायच्या नाहीत." ती हसली आणि तिने तिच्या घरची गोष्ट सुरू केली. वडील विचारतात, भूगोल करून काय होणार, शाळेतच तर संपतो भूगोल. तिने त्यांना सांगितलं होतं की एम.ए. इथेच करीन. आता इथे एम.ए. नाही. "बाबांना अजून नाही सांगितलं, काका. सांगितलं की म्हणतील, ये परत." मी हिशेबाचा माणूस, मला उपाय सुचायला हवा होता. तू असतीस तर दोन फोन केले असतेस.

सावली सर्वांत आखूड झाली आणि पुन्हा वाढू लागली. आम्ही तिघेही दगडाभोवती उकिडवे बसलो. टोक वर्तुळाकडे सरकत होतं. नैर्ऋत्येकडून दुसरी सावलीही सरकत होती, खळ्याच्या कुंपणावरून, गोठ्यावरून, सरळ कडेची, रुंद. मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, मला ठाऊक होतं. काठीच्या सावलीचं टोक वर्तुळापासून वीतभर आत असताना इमारतीची सावली दगडावर आली, आणि काठीला सावलीच राहिली नाही.

माझा हिशेब बरोबर होता, वृंदा.

"बिल्डरला सांगा," आण्णा म्हणाले, "घटकाभर सरकव म्हनावं बिल्डिंग." मग स्वतःच म्हणाले, "माजाबी फ्लॅट हाय त्यात, सातव्यावर. म्हंजे मीच आडवा आलो म्हना की."

प्रणालीने विचारलं, "काका, वर्तुळ लहान घेतलं असतं तर?" मी तेही करून पाहिलं होतं, कागदावर. मध्यान्हीच्या आसपास सावली इतकी मंद बदलते की टोक नेमकं कधी टेकलं ते सांगता येत नाही. तसली खूण तू पायाने पुसली असतीस. दुसरी जागा? विहीर बुजवली आहे, ओढ्यावर स्लॅब पडला आहे, बाकी खुणेच्या जागा कुंपणाच्या आत गेल्या. सगळा नकाशा या एका दगडापासून मोजलेला. ऊन डोक्यावर येऊन इमारतीची सावली आखडेल ते दिवस दूर, आणि परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येणार पुढच्याच आठवड्यात.

"एका खुणेवरून नाही ना निघत?"

"नाही."

"अंदाजे?"

"अंदाजे नाही."

आण्णांनी चहा दिला. तो पिऊन आम्ही निघालो. खडूचा ठिपका तसाच ठेवला.

गायकवाड सरांना मी सांगितलं, परीक्षेसाठी छापील प्रत काढा, तिच्यावर सॉफ्टवेअरचा बाण घाला, मुलांचे गुण जाऊ देऊ नका. मूळ कागदावर काही काढू नका. ते "बरं" म्हणाले. मूळ कागद सध्या भूगोलाच्या प्रयोगशाळेत आहे. सुट्टीनंतर ती खोली दुसऱ्या विभागाला मिळणार आहे, तेव्हा तो गुंडाळून कपाटावर जाईल. शीर्षक आहे, प्रमाण आहे, सूची आहे. तुझ्या नियमाने ते चित्र आहे. तुझा शेवटचा नकाशा मला नकाशा करता आला नाही.

तू दिलेलं मला नाकारायचं नाही. लग्नानंतर शनिवार पेठेतून नदीकडे जाताना तू मला स्कूटर बंद करून उतारावर सोडायला लावायचीस. "कळतंय का, शहर कुठे उतरतंय?" मी पेट्रोल वाचतंय म्हणून करायचो. पण आज या शहरात मी कुठल्याही रस्त्यावर डोळे मिटून उभा राहिलो, तर नदी कुठल्या बाजूला आहे हे माझे पाय सांगतात. हे मला कुठल्याच पगारात मिळालं नसतं. फक्त त्याचं आता काय करायचं, ते कळत नाही. कुणी विचारत नाही. स्वयंपाकाच्या मावशींना परवा म्हणालो, रवा वायव्येला आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "साहेब, जरा झोपा तुम्ही."

काल तुझी फाइल आणायला पुन्हा दवाखान्यात जावं लागलं. त्या मजल्यावर गेलो. खोलीत दुसरं कुणीतरी होतं, म्हणून दारातूनच पाहिलं. पलंग तसाच, त्याच भिंतीला लावलेला. मी फोन काढला. तुला चालला नसता, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

उत्तर तुझ्या उशाशी होती. तुला ती दिसणं शक्यच नव्हतं. मी तुझ्या पायाशी उभा होतो; तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो, म्हणजे सरळ उत्तरेकडेच बघत होतो. हात वर करून दाखवायचं, एवढंच होतं.

हे आता मला माहीत झालंय, वृंदा. सापडलेलं नाही.